शिक्का मारलेली घोडी

डर्मट गॅरटीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत आणि घोड्यांचे तर त्याहून नाही. नाव विचारलं की तो डोकं खाजवायचा. पण पाय हातात द्या! एकदा ज्या खुराला त्यानं नाल ठोकला, तो खूर दहा वर्षांनी डोळे मिटून मांडीवर घेतला तरी मालकाच्या नावासकट ओळखायचा. त्रेचाळीस वर्षं नालबंदाचं काम केलेल्या माणसाला एवढं तरी यावंच, असं तो वरवर म्हणे आणि मनातून त्याची घमेंडही बाळगून असे.

म्हणूनच त्या मंगळवारी सकाळी कोंडवाड्यात शिरल्यावर त्यानं घोडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. चिखलानं पोटापर्यंत माखलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एक घोडी भिंतीला टेकून उभी होती, एवढंच त्याला दिसलं. असली जनावरं त्या हिवाळ्यात पैशाला पासरी झाली होती.

कोंडवाडा कौन्सिलचा. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या डेअरीच्या आवारात. तिथला राखणदार एमन क्विर्क हा पूर्वी त्याच डेअरीत दुधाचे कॅन धुवायचा, आता सापडलेले बेवारस घोडे सांभाळायचा. त्यानंच सकाळी फोन केला होता. रविवारी दलदलीच्या रस्त्यावर घोडी सापडली, पुढचे पाय टेकवत नाही, नाल वाढलेल्या खुरात रुतून बसलेत, तेवढे काढून जा, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी जनावरांची डॉक्टर येणार होती. पाच दिवसांत मालक आला नाही की गोळी, हा नियम.

शुक्रवारी मारायचीच आहे तर मंगळवारी नाल कशाला काढायचे, असं डर्मटनं विचारलं. क्विर्क म्हणाला की आपल्या ताब्यात आहे तोवर जनावराचे हाल होता कामा नयेत, असं कागदावर लिहिलंय. या हिवाळ्यातलं हे चाळिसावं, हेही त्यानं सांगितलं. कॅन मोजायची सवय अजून गेली नव्हती.

चाळीस म्हणजे काहीच नव्हे. हातात पैसा खुळखुळत होता त्या दिवसांत सगळ्या गॉलवे परगण्यात जो तो दाराशी घोडा बांधायला निघाला होता. गवंड्याला घोडा, केस कापणारीला घोडा, ज्यांच्या परसात बकरी मावली नसती त्यांनाही घोडा. मग बँका बुडाल्या, बांधकामं थांबली, तरणी पोरं विमानात बसून गेली आणि घोडे तेवढे मागे राहिले. घोड्याला मंदी कळत नाही, तो रोज खातोच. बाजारात ट्रेलरचं दार उघडं ठेवून चहाला जाऊ नका, परत येईपर्यंत आत आणखी दोन घोडे चढवलेले असतील, असं लोक हसत सांगायचे. सांगणाऱ्यांतले निम्मे तेच करून आलेले असायचे.

डर्मटनं चामड्याचा एप्रन बांधला, घोडीच्या खांद्याला खांदा लावला आणि डावा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला. ती कण्हली. त्यानं आकड्यानं खुरातला चिखल काढला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

नाल मागून बंद होता. साधा नाल मागच्या बाजूला उघडा असतो, हा कड्यासारखा गोल होता, टाचेला आधार द्यायला. असे नाल विकत मिळतात, पण हा विकतचा नव्हता. बाहेरून चार खिळे, आतून तीन, आणि उजव्यापेक्षा बोटभर अरुंद, कारण या घोडीचा डावा खूर जन्मतः लहान. ऐरणीवर तो त्यानं स्वतः ठोकून घडवला होता. सबंध आयर्लंडात हा नाल एकाच घोडीच्या पायात होता. ती टॅन्सी. नोरीन कॉस्टेलोची, खरं म्हणजे नोरीनच्या मुलीची, एमरची.

त्यानं मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चिखलाखालचा रंग करडा होता. मानेच्या डाव्या बाजूला जिथं कातडीखाली घोड्याच्या ओळखीची चिप बसवलेली असते तिथं तीन बोटं लांबीची जखम होती, कडा पिवळ्या पडलेल्या.

"कापून काढलीय," क्विर्क म्हणाला. "तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, पण तिच्यापायी केवढं भोक पाडलंय बघ. चिप नाही, पासपोर्ट नाही. तुला काही आठवतंय का? ओळखतोस का हिला?"

"नाही," डर्मट म्हणाला.

त्यानं दोन्ही नाल काढले, खूर कानशीनं साफ केले आणि तळव्याला अंगठा लावून पाहिला. तळवा पिकल्या पेरूसारखा दबला. मग त्यानं दोन्ही पायांना गोणपाटाच्या जाड घड्या बांधल्या, नाल गाडीत टाकले आणि मजुरी न घेता निघून गेला. क्विर्कला त्याचं नवल वाटलं, पण तोंडचा घास नाही म्हणणाऱ्याला कोण आग्रह करतो?

गाडी चालवताना डर्मटला स्वतःची लाज वाटत होती. 'नाही' हे त्याच्या तोंडून विचार करायच्या आधीच निघालं होतं.

गोष्ट अशी होती. तीन वर्षांपूर्वी टॅन्सीच्या पुढच्या खुरांत दाह झाला. डॉक्टरनं दुखणं मारायची पूड दिली, रोज दाण्यांतून. ती पूड पोटात गेलेल्या घोड्याचं मांस माणसानं कधीही खायचं नाही असा कायदा आहे, म्हणून टॅन्सीच्या पासपोर्टात, म्हणजे तिच्या ओळखीच्या पुस्तकात, 'खाण्यासाठी नाही' असा शिक्का बसला, आणि खाली नोरीनची सही. सही करताना ती बिचकली होती. तेव्हा डर्मटच म्हणाला होता की बाई, उलट हे बरंच झालं. आता हिला जन्मात कुणी कारखान्याच्या गाडीत चढवू शकणार नाही. कारखाना म्हणजे घोड्यांचा कत्तलखाना, तिथलं मांस समुद्रापलीकडे फ्रेंचांच्या ताटात जायचं. एमर तेव्हा ओट्याशी उभी होती. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला होता.

पुढे नोरीनचा नवरा फेस्टी वारला, एमर नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात पर्थला गेली, जमीन भाड्यानं गेली आणि नोरीनकडे घरामागचा एक तुकडा उरला. दाणा परवडेना. गेल्या ऑक्टोबरच्या घोडेबाजारात तिनं टॅन्सीला उभं केलं आणि डर्मटला सोबत नेलं. तिथं जारलथ डूली भेटला. घोड्यांचा व्यापारी, डर्मटचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तो म्हणाला की ऑफली परगण्यात मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी शाळा आहे, त्यांना अशीच थंड डोक्याची घोडी हवीय.

त्या बाजारात सौदा कागदावर होत नाही. दोघं भाव करतात, अडतात, पाठ फिरवतात. मग तिसरा माणूस मध्ये पडतो, दोघांची मनगटं धरतो आणि तळहातावर तळहात आपटतो. आवाज झाला की सौदा झाला. विकणारा शकुनाचं म्हणून एक नाणं खरेदीदाराला परत देतो. आणि मध्ये पडणाऱ्याचं काम तिथं संपत नाही. त्यानं दोघांची हमी घेतलेली असते. उद्या काही वाकडं झालं तर लोक त्याच्या दाराशी येतात. नोरीनचा हात डर्मटनं धरला होता, जारलथचाही त्यानंच. हात आपटायच्या आधी तो म्हणाला होता, "शिक्का आहे हिच्या पुस्तकात, लक्षात ठेव." जारलथनं मान डोलावली होती.

बुधवारी दुपारी डर्मट जारलथच्या घरी गेला तेव्हा तो एकटाच जेवत होता. उकडलेला बटाटा काट्यावर धरून सुरीनं साल काढत होता. डर्मटला त्यानं बस म्हटलं. डर्मट बसला नाही.

"ती ऑफलीची शाळा कुठली, जारलथ?"

"कुठलीच नाही," जारलथ म्हणाला. त्यानं खोटं बोलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. "काय झालं?"

डर्मटनं काय झालं ते सांगितलं. जारलथ ऐकत राहिला, दुसरा बटाटा सोलायला घेतला.

"मी नाही कापली चिप," तो म्हणाला. "मी वर उत्तरेतल्या एका माणसाला दिली. त्यानं तिला नवी चिप, बिनशिक्क्याचं नवं पुस्तक करायचं ठरवलं होतं. जखम काही भरेना. जानेवारीत तशीच गाडीत चढवली, कारखान्याच्या डॉक्टरनं मान पाहिली आणि गाडी परत पाठवली. परत आलेल्या घोडीला गवत कोण घालणार? सोडली असेल वाटेत."

"तिच्यावर शिक्का होता."

"तो शिक्काच नडला तिला, बाबा. शिक्का नसता तर ऑक्टोबरातच, भरल्या पोटी, मिनिटभरात संपली असती. शिक्क्यानं तिला मरण चुकवलं नाही, फक्त हिवाळाभर लांबवलं."

डर्मटनं विचारलं की मग शाळेची थाप कशाला मारलीस. जारलथनं सुरी खाली ठेवली.

"त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून. आणि तू मध्ये उभा होतास. त्रेचाळीस वर्षं खूर बघतोयस तू. मागून बंद नाल घातलेल्या घोडीवर कुठली शाळा पोरं बसवते, सांग बघू. मला वाटलं, डर्मटला सगळं कळतंय, बाईचं मन राखतोय. म्हणून मीही राखलं. आता साळसूदपणा माझ्या दारात आणू नकोस."

डर्मटनं घोडीचं पुस्तक मागितलं. जारलथनं काट्याचमच्यांच्या खणातून ते काढून दिलं. घोड्याचं नाव असलेली वस्तू जाळू नये असं त्याचा बाप सांगून गेला होता, आणि बापाचं तेवढं एक त्यानं ऐकलं होतं. देताना म्हणाला की यात मालक म्हणून अजून त्या बाईचंच नाव आहे, मी बदललं नव्हतं. हे कोंडवाड्यात दाखवलंस तर घोडी सोडून दिल्याचा खटला तिच्यावर लागेल, माझ्यावर नाही. तेव्हा जे काही करशील ते विचार करून कर.

डर्मटनं ती रात्र आणि गुरुवारची सकाळ विचारातच घालवली. गप्प बसणं सोपं होतं. शुक्रवारी गोळी, मग गाडी, चाळिसाव्या जनावराची फाइल बंद. कुणाला काही कळलं नसतं. पण कोंडवाड्यात परक्यांच्या हातून, मालकावाचून मरण, ही कल्पना त्याला सोसवेना. दुपारी तो नोरीनच्या दारात जाऊन उभा राहिला.

नोरीननं चहा केला, सोडा ब्रेड कापला, लोणी पुढे सरकवलं. ती खुशीत होती. एमरचा दर रविवारी फोन येतो, आणि दर रविवारी टॅन्सीचं काय चाललंय हे तिला ऐकायचं असतं. आता तुला सांगते, नोरीन म्हणाली, मला कुठून कळणार तिकडचं? पण पोरगी इतक्या लांब एकटी, म्हणून थोडं जोडून सांगते. शाळेत एक लाल केसांची मुलगी आहे, तिची टॅन्सी लाडकी आहे, असं मी सांगितलंय. गेल्या रविवारी तर टॅन्सीला स्पर्धेत बक्षिसाची फीत मिळवून दिली. ती हसली आणि डर्मटचा चेहरा पाहून थांबली.

डर्मटनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कोंडवाडा, मान, जारलथ, शुक्रवार. आपण क्विर्कला 'ओळखत नाही' म्हणालो तेही. नोरीननं पुस्तक उघडून शिक्क्याचं पान काढलं, स्वतःची सही पाहिली.

"त्या दिवशी बाजारात तुला माहीत होतं?"

"मी विचारलं नाही," डर्मट म्हणाला.

तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. हे उत्तर पुरेसं आहे की नाही, हे ती ठरवत असावी. मग तिनं विचारलं की टॅन्सी जगेल का. त्यानं खरं तेच सांगितलं. खुरातलं हाड फिरून खाली उतरलंय, तळवा मऊ पडलाय, पंधरा दिवसांत हाड त्यातून आरपार येईल. उभं राहणंसुद्धा तिला नरकयातना आहे.

"मग तिथं नाही," नोरीन म्हणाली. "इथं आण. मागच्या भिंतीआड, वारा लागत नाही तिथं." तिनं पुस्तक पुढे ओढलं, मालक बदलायच्या जागी सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "इथं तुझं नाव घाल. या वेळी मध्ये कुणी नाही. खटला होईल तो तुझ्यावर होऊ दे. आणि एमरला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

डर्मटनं सही केली. हातावर हात कुणी आपटला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला तो ट्रेलर घेऊन कोंडवाड्यात गेला. डॉक्टर ऑर्ला मॅकनिकोलस आधीच आली होती. ही बाई पंधरा वर्षं डर्मटला ओळखत होती, अवघड खुरांसाठी लोकांना त्याच्याकडे पाठवत होती. क्विर्कनं पुस्तक पाहिलं आणि डर्मटकडे पाहिलं.

"मंगळवारी ओळखत नाही म्हणालास."

"खोटं बोललो."

डॉक्टरनं घोडीच्या कपाळावरचा चिखल पुसला. पुस्तकातल्या चित्रात केसांचे दोन भोवरे होते, एकाखाली एक. कपाळावरही तेच निघाले. तिनं फॉर्म काढला आणि मालकाचं नाव विचारलं. डर्मटनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, पत्ताही. घोडी बेवारस सोडल्याचा रकाना भरताना डॉक्टरनं मान वर केली नाही आणि त्यानंतरही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पुन्हा तिच्याकडून गिऱ्हाईक येणार नाही हे त्याला तिथंच समजलं. समजावून सांगता आलं असतं, जारलथचं नावही घेता आलं असतं. पण पुस्तकात ते कुठंच नव्हतं आणि तोंडी नाव घेतलं असतं तर बोट फिरून नोरीनकडेच गेलं असतं.

ट्रेलरमधून उतरताना टॅन्सी पाऊल पाऊल टाकत, थांबत आली. भिंतीआड नोरीन बादली घेऊन उभी होती. बादलीत ओट होते, वर कापलेलं सफरचंद. नोरीननं बादली हलवली आणि त्या आवाजासरशी घोडीनं कान टवकारले. पाच वर्षं रोज सकाळी हाच आवाज तिनं ऐकला होता. ती चालत गेली, गोणपाट बांधलेल्या पायांनी, आपण होऊन. डर्मटला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

डॉक्टरनं बादली खाली ठेवायला सांगितलं. घोडीचं तोंड ओटांत होतं. डर्मटनं म्होरकी धरली, नोरीनचा हात तिच्या मानेवर होता, बऱ्या बाजूनं. डॉक्टरनं नोरीनला मागे सरायला सांगितलं, आणि ती सरली. एकच बार झाला. पलीकडच्या झाडावरचे कावळे उठले आणि पुन्हा बसले.

अकराला गाडी येऊन तिला घेऊन गेली. डर्मटनं जागा धुतली, बादली पालथी घातली आणि टोपी काढून स्वयंपाकघरात गेला. टोपी नेहमीच्या खुंटीवर अडकवली. नोरीननं फोन टेबलावर ठेवला होता, शेजारी नंबर लिहिलेला कागद. तिकडे रात्रीचे आठ वाजत आले होते. ती स्वतः त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी ब्रेड कापायला लागली.

एमरनं पहिल्याच रिंगला उचललं. त्याचा आवाज ऐकून ती आधी घाबरली, आई बरी आहे ना, म्हणून विचारलं. आई बरी आहे म्हटल्यावर हसली. "मग डर्मट, तुम्ही? टॅन्सीला फीत मिळाली म्हणे! नाल तुमचेच ना अजून?"

डर्मटनं तिला सुरुवातीपासून सांगितलं. नालबंद कामाचं सांगतो तसं, एकापाठोपाठ एक, मधलं काही न गाळता. जखमेचंही सांगितलं. सकाळचं सांगितलं, ओट, सफरचंद, तुझ्या आईचा हात. पलीकडे ती रडत होती, ते ऐकत तो थांबला.

"शिक्का होता ना तिच्यावर," एमर शेवटी म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"शाळा नाहीये, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

काल दिलेलं उत्तर तयार होतं. ते खोटंही नव्हतं. त्यानं खरोखरच विचारलं नव्हतं.

"हो," डर्मट म्हणाला. "माहीत होतं. विकायच्या आधी मी तिचा पाय उचलून पाहिला होता. त्या पायावर कुणी पोरं बसवत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं."

ओट्याशी सुरी थांबली. एमरनं फोन ठेवला होता. डर्मटनंही ठेवला. नोरीननं कापलेला ब्रेड पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग तिनं खुंटीवरची त्याची टोपी काढली आणि टेबलावर, त्याच्या हाताशी आणून ठेवली.